बुबेनेचचे जुने सांडपाणी केंद्र आणि व्ल्तावा नदी

विसाव्या शतकाच्या आरंभी बुबेनेच हे प्राग शहराच्या हद्दीबाहेरचे स्वतंत्र गाव होते. महानगरात त्याचा समावेश झाला तो १९२२ मध्ये. व्ल्तावा नदी प्राग ओलांडून या गावापाशी येते आणि येथील जमीनही सखल आहे. त्यामुळे शहराचे सांडपाणी केवळ उताराच्या बळावर बुबेनेचला आणावे आणि त्यातील गाळ काढून मगच ते नदीत सोडावे, अशी योजना विल्यम हीर्लाइन लिंडली या ब्रिटिश अभियंत्याने आखली. १९०१ मध्ये बांधकामाला प्रारंभ झाला, १९०६ मध्ये केंद्र सुरू झाले आणि १९६७ पर्यंत ते वापरात होते.

या केंद्रातली सारी प्रक्रिया गुरुत्वाकर्षणावर बेतलेली होती. सांडपाणी प्रथम विटांच्या कमानींखालील प्रशस्त भूमिगत दालनात शिरे. अरुंद गटारातून मोठ्या जागेत आल्यावर प्रवाहाचा वेग मंदावतो आणि वाळूचे जड कण लगेच तळाशी बसतात. चिंध्या, लाकडाचे तुकडे अशा वस्तू जाळ्यांवर अडत. त्यानंतर पाणी दहा समांतर निवळण टाक्यांत जाई. प्रत्येक टाकीची लांबी ऐंशी मीटरांहून अधिक ठेवण्यामागे विचार होता: मैल्याचे हलके कण वाळूसारखे झटकन बसत नाहीत, म्हणून पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत त्यांना तळ गाठण्याइतका वेळ मिळायला हवा. साचलेला गाळ वाफेच्या इंजिनांवर चालणाऱ्या पंपांनी उपसला जाई आणि वाळल्यानंतर खत म्हणून शेतीत वापरला जाई.

टाकीतून बाहेर पडणारे पाणी बरेच निवळलेले दिसत असले, तरी नदीच्या दृष्टीने ते स्वच्छ नव्हते. चांगल्या निवळण टाकीत तरंगत्या कणांपैकी साधारण ५० ते ७० टक्के कण खाली बसतात, परंतु सेंद्रिय भार, म्हणजे जिवाणूंना खाता येणारी घाण, मात्र सुमारे एक तृतीयांशच कमी होतो. उरलेला भार विरघळलेला किंवा अतिसूक्ष्म कणांच्या रूपात असतो आणि तो कितीही वेळ थांबले तरी तळाशी जात नाही. नदीतले जिवाणू तो खातात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात.

हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एका माणसाच्या दिवसभराच्या सांडपाण्याची प्राणवायूची मागणी साधारण ६० ग्रॅम धरली जाते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. म्हणजे प्रक्रिया न केलेले एका माणसाचे सांडपाणी रोज साडेसहा हजार लिटरांहून अधिक पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकते. निवळण टाकीतून गेल्यावरही हा आकडा सुमारे ४,४०० लिटरांपर्यंतच उतरतो. नदी हवेतून प्राणवायू घेत राहते हे खरे, पण उन्हाळ्यात प्रवाह क्षीण असतो, कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि जिवाणूंची भूक मात्र वाढलेली असते. मासे गुदमरतात ते बहुधा अशाच दिवसांत.

लिंडली यांना याचा दोष देणे अन्यायाचे होईल. विरघळलेल्या घाणीवरचा प्रभावी उपाय मँचेस्टरच्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी मांडला तो १९१४ मध्ये, म्हणजे बुबेनेचचे केंद्र सुरू झाल्यानंतर आठ वर्षांनी. सांडपाण्यात हवा सोडल्यानंतर तयार झालेला गाळ त्यांनी फेकून न देता पुढच्या सांडपाण्यासाठी राखून ठेवला. त्या गाळात जिवाणूंची दाट वस्ती होती, त्यामुळे आधी ज्या शुद्धीकरणाला आठवडे लागत ते काही तासांवर आले. नदीत घडणारे काम नदीबाहेर टाकीतच उरकून घेणारी ही सक्रिय गाळ पद्धत आज जगभर वापरली जाते.

वाढत्या शहराचा भार पेलेनासा झाल्यावर जवळच्याच त्सिसार्स्की बेटावर नवे केंद्र उभे राहिले आणि जुने बंद झाले. ते पाडले गेले नाही, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. आता तेथे संग्रहालय असून २०१० पासून ही वास्तू चेक प्रजासत्ताकाचे राष्ट्रीय सांस्कृतिक स्मारक आहे. वाफेची इंजिने आजही चालवून दाखवली जातात. दरम्यान बेटावरच्या केंद्रालाही नव्या गरजांप्रमाणे बदलावे लागले. शेवाळाची बेसुमार वाढ घडवणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस हे घटक अधिक प्रमाणात काढता यावेत, यासाठी तेथे २०१८ मध्ये जलशुद्धीकरणाची आणखी एक शाखा सुरू झाली.