हाताचा गुण की फाशाचा?

‘तुले जमतच नाही बे,’ एक पोट्टा म्हणतो. ‘जमाचं काय हाय त्याच्यात? मायं नशीबच खराब हाय,’ दुसरा फोनवरची नजर न काढता उत्तर देतो. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात मारुतीच्या ओट्यावर दिवेलागणीला हे नेहमीचं. वाद कापसाच्या भावाचा नसतो, फोनमधल्या तलवारीचा असतो.

व्हिडिओ गेममध्ये कच्चा माल गोळा करायचा आणि त्यातून हत्यार, चिलखत, खत, औषध बनवायचं, याला क्राफ्टिंग म्हणतात. बनलेली वस्तू झकास निघाली तर श्रेय कोणाचं, खेळणाऱ्याच्या हाताचं की खेळाच्या पोटात फिरणाऱ्या फाशाचं? ओट्यावर हा वाद मिटत नाही, पण गणिताला विचारलं तर बरंच नेमकं उत्तर मिळतं.

एक साधी कसोटी आधी लावून पाहा. गुंतवणूक विषयावर लिहिणारे मायकेल मॉबुसिन ती सांगतात: तुम्हाला मुद्दाम हरता येतं का? बुद्धिबळात येतं, वजीर देऊन टाका. लॉटरीत मुद्दाम हरायचं म्हटलं तरी जमत नाही. जिथे ठरवून हरता येतं तिथे कसब आहे, जिथे येत नाही तिथे निव्वळ नशीब.

आता ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ घ्या. 3 हिरे आणि 2 काड्या मांडल्या की हिऱ्याची कुदळ बनते. नवशिक्याची असो की मुरलेल्याची, कुदळ तीच. बनवताना फासा पडतच नाही. तो पडून गेलेला असतो आधीच, हिरे शोधताना. तिथेही डोकं चालतं म्हणा, कारण हिरे खोलवर जास्त सापडतात आणि हे ठाऊक असलेला वरवर खणत बसत नाही.

खरी गंमत त्यातल्या मंत्राच्या टेबलापाशी आहे. तलवार ठेवली की टेबल 3 पर्याय दाखवतं. भोवती पुस्तकांची 15 कपाटं रचली तर सगळ्यात जबर मंत्र मिळू शकतात. प्रत्येक पर्यायातला एकच मंत्र आधी दिसतो, सोबत आणखी काही येणार की नाही ते झाकलेलं. मनासारखा पर्याय नसला की पोट्टे काय करतात? तलवार काढतात, परत ठेवतात. टेबल बंद करून उघडतात. एखादा तर उठून चक्कर मारून येतो. यादी जिथल्या तिथे. कारण खेळाने प्रत्येक खेळाडूच्या नावावर एक आकडा जपून ठेवलेला असतो, यादी त्या आकड्यातूनच तयार होते, आणि एखाद्या वस्तूवर खरोखर मंत्र चढवल्याशिवाय तो आकडा बदलत नाही. कॉम्प्युटरचं ‘नशीब’ हे असं हिशोबाचं असतं. जाणता गडी मग एखाद्या फालतू पुस्तकावर सगळ्यात स्वस्त पर्याय वापरतो. त्याची अनुभवाची 1 पातळी आणि 1 निळा खडा खर्ची पडतो, आणि तलवारीपुढे नवी यादी येते. फासा दोघांचाही सारखाच, पण तो पुन्हा टाकायला एकाला काय मोजावं लागतं आणि दुसऱ्याला काय, यात कसब आहे.

चक्कर मारून येणाऱ्याला हसायचं कारण नाही. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 1948 मध्ये कबुतरांवरचा एक प्रयोग मांडला. पक्षी काही करो न करो, ठरावीक वेळाने दाणे मिळायचे. तरी बहुतेक कबुतरांनी आपापला विधी शोधून काढला. एक तर पिंजऱ्यात गोल गोल फिरायला लागलं.

कसब आणि नशीब एकमेकांत कसं मिसळतं, ते ‘स्टारड्यू व्हॅली’ या 2016 च्या शेतीच्या खेळात फार स्वच्छ दिसतं. (दिवसभर पऱ्हाटीत राबून आलेला पोरगा संध्याकाळी फोनवर पुन्हा शेतीच करतो, याचं मला अजून नवल वाटतं.) झाडाचा चीक आणि मासा टाकून खत बनवा, ते दर वेळी बनतंच. फासा पडतो तो पीक तोडताना. नवख्या शेतकऱ्याच्या बिनखताच्या फुलकोबीला सोनेरी दर्जा मिळण्याची शक्यता जेमतेम 1 टक्का. शेतीतलं कौशल्य दहाव्या पातळीवर नेलं तर तीच 21 टक्के होते, साधं खत टाकलं तर 41, उत्तम खत टाकलं तर 61. खेळातल्या पैशात साधी फुलकोबी 175 ला जाते, सोनेरी 262 ला. आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही: बियाणं निवडणं, वेळेवर डवरणी करणं त्याच्या हातात, पावसाने किती दिवस दडी मारायची ते नाही.

61 टक्के म्हणजे खात्री नव्हे. एकच रोप लावलं तर उस्तादालाही 39 टक्के वेळा सोनेरी माल मिळणार नाही, आणि त्याच दिवशी नवख्याचं सोनेरी निघालं तर ओट्यावर नवखाच भाव खाणार. पण 100 रोपं लावू द्या. उस्तादाची सोनेरी फुलकोबी बहुतेक वेळा 51 ते 71 च्या दरम्यान येईल, नवख्याची एखाद-दुसरी. प्रयोग वाढले की नशिबाचा गोंगाट दबतो आणि खरं काय ते वर येतं.

याच हिशोबाने एक नामांकित खेळाडू अडकला. ‘माइनक्राफ्ट’ कमीत कमी वेळात संपवायची स्पर्धा असते. त्यासाठी ‘एंडरचा डोळा’ बनवावा लागतो, आणि त्याला एंडर मोती व ब्लेझ नावाच्या राक्षसाला मारून मिळणारी कांडी लागते. ड्रीम या टोपणनावाने खेळणाऱ्याच्या 2020 मधल्या खेळांची तपासणी झाली, तेव्हा सोनं देऊन केलेल्या 262 सौद्यांत त्याला 42 वेळा मोती मिळाल्याचं दिसलं. खेळाच्या नियमाने साधारण 12 वेळा मिळायला हवे होते. कांडी मिळायची शक्यता निम्मी, तरी 305 पैकी 211 वेळा मिळाली. तपासणाऱ्यांनी हिशोब मांडला: असं नशीब साडेसात लाख कोटींत एकदा. 2021 मध्ये त्याने मान्य केलं की खेळात बदल करणारं मॉड चालू होतं, मात्र आपल्याला ते तेव्हा माहीत नव्हतं.

नशिबाला शिव्या घालणाऱ्या त्या दुसऱ्या पोट्ट्याची तक्रार मात्र अगदीच पोकळ नसते. एखादी वस्तू मिळायची शक्यता 1 टक्का असेल तर 100 वेळा प्रयत्न केल्यावर ती मिळेलच, असं जवळजवळ सगळेच धरून चालतात. प्रत्यक्षात 100 वेळा दाबूनही न मिळण्याची शक्यता सुमारे 37 टक्के उरते. 300 वेळा दाबल्यावरही शंभरातले पाच जण रिकाम्या हाताने उठतात. त्यांच्याशी कोणी दगा केलेला नसतो, आधीचे 299 फासे तीनशेव्या फाशाला ठाऊकच नसतात.

कधी कधी दगा खरोखरच असतो. दक्षिण कोरियातल्या ‘मेपलस्टोरी’ या खेळात हत्यारांचे गुण बदलायला ‘क्यूब’ मिळायचे, खरे पैसे मोजून. लोकांना हवे असलेले गुण मिळण्याची शक्यता कंपनीने गुपचूप कमी केली होती, काही जोड्या तर निघूच शकणार नाहीत अशी व्यवस्था केली होती, असं तिथल्या व्यापार आयोगाला आढळलं. जानेवारी 2024 मध्ये आयोगाने नेक्सॉन कंपनीला सुमारे 1,160 कोटी वॉनचा दंड ठोठावला. त्याच वर्षीच्या मार्चपासून तिथे अशा वस्तूंची टक्केवारी जाहीर करणं कायद्याने बंधनकारक झालं. हे उघड होईपर्यंत त्या जोड्यांसाठी लोक क्यूबमागून क्यूब विकत घेत होते.