ट्यूब अ‍ॅम्प पारखताना: कानानं काय ऐकायचं, पाठ उघडून काय बघायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या नळ्यांनी (ट्यूबनी) आवाज वाढवणारा अ‍ॅम्प, नवा कोरा क्वचितच हाती येतो. कुणी गोव्याच्या बँडकडून घेतलेला असतो, कुणी आखातातून परतताना आणलेला, कुणी पुण्यातून जुना उचललेला. तो सुरू होतो, दहा मिनिटं वाजतो, ‘आवाज लई भारी’ म्हणत पैसे दिले जातात. पण ट्यूब अ‍ॅम्प पुरता तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि त्याचे खरे दोष तापल्यावरच बाहेर येतात. शिवाय कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्या गल्लीत नाही. म्हणून इथं दोन गोष्टी तपासाव्या लागतात: अ‍ॅम्प वाजतो कसा, आणि बिघडला तर इथल्याच माणसाला तो उघडून दुरुस्त करता येईल का. आमच्या मते दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

सुरुवात गिटारनं नको, मल्टिमीटरनं करा. भिंतीतल्या प्लगमध्ये फेज ते न्यूट्रल किती व्होल्ट येतात ते बघा, मग न्यूट्रल ते अर्थ बघा. दुसरा आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. तो दहा-वीस दिसला तर त्या जागेचं अर्थिंग कच्चं आहे. तिथं ऐकलेल्या घरघरीचा दोष अ‍ॅम्पला देता येत नाही, आणि धातूची चासी (आतला सांगाडा) असलेलं यंत्र तिथं वाजवणं धोक्याचंही आहे.

लाईनचा दाब आवाजही बदलतो. ट्यूबच्या आतल्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात आणि त्यात १० टक्के इकडेतिकडे चालतं. उसाच्या पट्ट्यात संध्याकाळी पंप सुरू झाले आणि २३० चे २०० झाले, की हीटरला साडेपाचच मिळतात आणि ट्यूबना मिळणाऱ्या मुख्य डीसी पुरवठ्याचे ४५० व्होल्ट ३९० वर येतात. अ‍ॅम्प मरगळल्यासारखा वाजतो. उलट २२० व्होल्टसाठी बनलेला अ‍ॅम्प २४० वर लावला तर हीटरवर ६.९ च्या आसपास येतात, म्हणजे अगदी मर्यादेच्या काठावर, आणि ट्यूबचं आयुष्य घटतं. लाईट गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प ऐकून मत बनवू नका. घरच्या विजेची लहर २३० व्होल्टची म्हटली तरी तिचं टोक ३२५ पर्यंत जातं, आणि अ‍ॅम्पमधले कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) त्या टोकापर्यंत भरतात. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरचं टोक २३० च असतं. हीटर नीट पेटतात, पण मुख्य पुरवठा सुमारे ३० टक्के कमी पडतो.

अमेरिकेतून आलेल्या १२० व्होल्टच्या अ‍ॅम्पला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पाठीमागच्या पट्टीवर फक्त ‘६० हर्ट्झ’ लिहिलंय की ‘५०/६०’, हेही वाचा. नुसत्या ६० साठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात आपल्या ५० हर्ट्झवर चुंबकत्व २० टक्के जास्त चढतं. तो गुणगुणतो आणि तापतो.

आता अ‍ॅम्प सुरू करा, गिटारची केबल काढा आणि घरघर ऐका. थोडी असतेच, ती कोणत्या सुराची आहे ते ओळखायचं. गिटार दुसरीकडे वाजवून सहाव्या, जाड तारेचा तिसरा फ्रेट दाबा: तो जी, ९८ हर्ट्झचा. घरघर जवळपास त्याच उंचीची वाटली तर ती १०० हर्ट्झची आहे. एसीचं डीसी होताना दर सेकंदाला शंभर लाटा उरतात आणि त्या गाळायचं काम फिल्टर कंडेन्सरचं. ते सुकले की ही घरघर वाढते. आउटपुटच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या, दोन ट्यूब एकसारख्या नसतील तरीही ती येते, कारण जोडी जुळलेली असेल तरच दोघींतल्या लाटा एकमेकींना खोडतात. घरघर त्याहून एक सप्तक खाली, म्हणजे ५० हर्ट्झची असेल, तर हीटरच्या तारा आणि अर्थची जोडणी बघावी लागते. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही ती तशीच राहिली, तर दोष व्हॉल्यूमच्या पुढच्या भागात आहे.

यानंतर गिटार जोडा. पहिल्या तारेचा पाचवा फ्रेट, ४४० हर्ट्झचा ए, आवाज बराच चढवून एकटा वाजवा आणि त्याच्या खाली दुसरा, बेसूर स्वर रेंगाळतोय का ते ऐका. १०० हर्ट्झच्या लाटा या स्वरात मिसळल्या की ३४० आणि ५४० असे दोन नको असलेले स्वर तयार होतात आणि गिटार सुरात असूनही बेसूर वाटते. बरेच जण अशा वेळी तारा बदलतात. दोष कंडेन्सरचा असतो.

मग सगळ्या तारांवर एक जोरदार कॉर्ड मारा. आवाज क्षणभर दबून मग फुलत असेल, तर तो दोष नव्हे. जास्त करंट ओढला की पुरवठा थोडा खचतो, आणि रेक्टिफायरही (एसीचं डीसी करणारा भाग) ट्यूबचाच असेल तर जास्त खचतो. कित्येकांना नेमका हाच अनुभव बोटांखाली हवा असतो. पण कॉर्ड मारल्यावर आवाज फडफडून जवळजवळ बंद पडला आणि मग परत आला, तर ती वेगळी गोष्ट. ट्यूबच्या ग्रिडमध्ये (सिग्नल घेणाऱ्या जाळीत) करंट शिरून कपलिंग कपॅसिटर (दोन टप्पे जोडणारा कंडेन्सर) भरून बसलेला असतो आणि रिकामा होईपर्यंत ट्यूब जवळपास बंद राहते. ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १ मेगओहममधून रिकामा व्हायला २२ मिलिसेकंद हा मापदंड धरला, तर ०.१ चा शंभर मिलिसेकंद घेतो. तो अडथळा कानाला स्पष्ट कळतो.

शेवटी हलक्या हातानं एक स्वर वाजवून तो विझेपर्यंत ऐका. विझताना शेपटीला कुरकुर आली, तर आउटपुट ट्यूबना करंट कमी मिळतोय: एका ट्यूबकडून दुसरीकडे काम जाताना मध्ये फट पडते आणि ती हलक्या आवाजातच उघडी पडते.

‘ट्यूबचा आवाज गोड’ म्हणतात, त्यामागे कारण आहे. अ‍ॅम्पच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडच्या) ट्यूब लहरीची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त दाबतात, त्यातून मूळ स्वराचं वरचं सप्तक मिसळतं, आणि टोकं एकदम न तुटता गोलावतात. पण नकारात्मक फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणं) भरपूर असलेल्या ट्यूब अ‍ॅम्पमध्येही टोकं कडक तुटतात. म्हणून ट्यूब आहेत एवढ्यावर भुलू नका. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात पहिला मार्शल अ‍ॅम्प बनला तो अमेरिकेच्या फेंडर कंपनीच्या बॅसमन अ‍ॅम्पच्या ५एफ६-ए सर्किटवरून. सर्किट जवळपास तेच राहिलं. पहिली ट्यूब, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि पेटी बदलली, आणि आवाजाचा स्वभावच पालटला. महागड्या जुन्या ट्यूबवर पैसे घालण्याआधी स्पीकर बदलून बघावा, असं आम्ही म्हणतो ते यामुळे. वॅटच्या आकड्याचंही तसंच: ५ वॅटच्या दहापट, म्हणजे ५० वॅट, कानाला साधारण दुप्पटच मोठा वाटतो. बेळगावच्या टिळकवाडीतल्या फ्लॅटला ५ वॅट भरपूर झाले.

पाठ उघडण्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात हवी. प्लग काढल्यावरही आत ४०० व्होल्ट तसेच साठून राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी मोठ्या कंडेन्सरच्या दोन टोकांना दहा सेकंद लावून धरायचा, मग मीटरनं १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करायची, आणि हे प्रत्येक कंडेन्सरला करायचं. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करणं चुकीचं. या कामाचा सराव नसेल तर जुन्या रेडिओच्या मेकॅनिकला सोबत घ्या. त्यांच्या भाषेत हे ‘व्हॉल्व’, आणि दाब तोच. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं (बीईएल) रेडिओच्या काळात ईएल८४ आणि ईसीसी८३ या जातींचे व्हॉल्व बनवले. ईसीसी८३ म्हणजेच अमेरिकी नावानं १२एएक्स७. अशा मेकॅनिकच्या खोक्यात बीईएलचे व्हॉल्व सापडले तर तपासून नक्की वापरावेत.

आत सगळ्यात आधी आउटपुट ट्यूबचे सॉकेट बघा. ते चासीवर स्क्रूनं बसवून तारांनी जोडलेले असतील तर बांधणी टिकाऊ. सॉकेट थेट पीसीबीवर (छापील सर्किटच्या बोर्डवर) सोल्डर केलेले असतील तर रोजच्या तापण्या-निवण्यानं पिनांभोवतीचं सोल्डर चिरतं; भिंगातून पिनेभोवती बारीक काळं वर्तुळ दिसतं. अ‍ॅम्प तापल्यावर आवाज खरखरत जातो-येतो त्याचं हे नेहमीचं कारण. पीसीबी म्हणजे वाईट असं मात्र समजू नये. जाड पीसीबी, तारांवरचे सॉकेट आणि मोकळी मांडणी असेल, तर ती हातानं केलेल्या गिचमिड वायरिंगपेक्षा कैक पटींनी चांगली. हीटरच्या दोन तारा घट्ट पीळ देऊन कोपऱ्यातून नेल्या आहेत का, हे एका नजरेत दिसतं, आणि बांधणाऱ्याचा हातही त्यावरून कळतो.

खानापूरकडच्या पावसाळ्यात आणखी एक तपासणी हवी. जुन्या अ‍ॅम्पमधला काळा फायबर बोर्ड ओल धरतो. अनुभवी माणसानं अ‍ॅम्प चालू असताना, एक हात पाठीमागे ठेवून, मीटरची काळी पिन चासीला आणि लाल पिन बोर्डवरच्या कोऱ्या जागेला टेकवावी. तिथं शून्य यायला हवं. काही व्होल्ट दिसले तर बोर्ड स्वतःच करंट वाहतोय, आणि पाऊस पडला की वाढणारी खरखर तिथूनच येते. हेअर ड्रायरनं तात्पुरता फरक पडतो. नवा बोर्ड हाच खरा उपाय.

आउटपुट ट्यूबचा करंट मोजल्याशिवाय सौदा करू नका. ईएल३४ या आउटपुट ट्यूबची मर्यादा २५ वॅट, सुरक्षित म्हणून त्याचे ७० टक्के धरले तर १७.५. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर भागाकार येतो ३९ मिलिअँप. ६एल६जीसी ची मर्यादा ३० वॅट, म्हणून तिथं ४७ पर्यंत. कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर असेल तर मीटरवरचा प्रत्येक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँप. दोन ट्यूबमध्ये चार-पाचचा फरक चालतो. अंधारात बघितलं तर काचेवरची निळी झाक निरुपद्रवी असते. आतली करडी प्लेट लाल होऊ लागली तर लगेच बंद करा. आणि टोकावरचा चंदेरी मुलामा पांढरा पडला असेल तर त्या ट्यूबमध्ये हवा शिरली, ती संपली.

८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ दाखवतो. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये (ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या) दाब उसळून आतलं इन्सुलेशन फुटतं. तो जळला तर लोक बेळगावच्या उद्यमबागेत मोटार वाइंडिंगवाल्याकडे नेतात. पॉवर ट्रान्सफॉर्मर तिथं उत्तम होतो. आउटपुटचा मात्र सांगून करून घ्यावा लागतो, कारण त्यात प्रायमरी (ट्यूबकडची गुंडाळी) आणि सेकंडरी (स्पीकरकडची) एकाआड एक थरांत गुंडाळलेल्या असतात. आधी सगळी प्रायमरी आणि वर सगळी सेकंडरी घातली, तर वेढे बरोबर असूनही वरचे स्वर गळतात आणि आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. म्हणून जुना ट्रान्सफॉर्मर थर मोजत उलगडायला सांगा: प्रत्येक थरात किती वेढे, तार किती गेजची, मध्ये कागद किती, टोक कुठून बाहेर काढलं, आणि गाभ्याच्या पट्ट्या कशा रचल्या होत्या. हे वहीत उतरवून झाल्यावरच नवी तार बॉबिनवर चढू द्या.