वाचनप्रगतीची नोंद व दैनंदिन पृष्ठलक्ष्य

हाती घेतलेले पुस्तक कुठपर्यंत वाचून झाले याची टिपणी ठेवणे आणि रोज किती पाने वाचायची हे आधी ठरवून घेणे, असा जोडव्यवहार. उरलेली पाने भागिले उरलेले दिवस, हा त्यातील नेहमीचा हिशेब. ३६० पानांचे पुस्तक १८ दिवसांत संपवायचे तर रोज २० पाने होतात. प्रस्तावना, सूची आणि कोरी पाने यांत धरायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. या भागाकारातील ‘पान’ हे एकक मात्र दिसते तितके स्थिर नाही, आणि मुळात ते वाचकाला आपली प्रगती मोजता यावी म्हणून निर्माण झालेले नसावे.

पृष्ठांकनाचा उगम : मुद्रित पुस्तकांपुरते बोलायचे तर कोलोनचा मुद्रक आर्नोल्ड थेर्होर्नेन याने १४७० मध्ये छापलेली प्रवचनाची पुस्तिका हे पत्रांकनाच्या, म्हणजे दोन बाजूंच्या सुट्या पत्रांना अंक देण्याच्या, सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक मानतात. तीत दर पत्राला एकच अंक असून तो पुढील बाजूच्या समासात, साधारण मध्यावर छापलेला आहे. पत्राच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र अंक देण्याची पद्धत व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतिउस याच्याशी जोडली जाते. त्याने १४९९ मध्ये काढलेल्या ‘कोर्नुकोपिए’ या लॅटिन कोशात्मक ग्रंथात पृष्ठांबरोबर ओळींनाही क्रमांक होते, कारण सूचीतून नेमक्या जागी पोहोचता यावे असा उद्देश होता. सोळाव्या शतकाच्या ओघात ही पद्धत हळूहळू रुळली.

तथापि मुद्रणाच्या कितीतरी आधी, इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसच्या ग्रंथांतही पृष्ठांक आढळतात. त्यांतील काही इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतले असावेत. ते कोणासाठी घातले याबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार ते मजकूर शोधण्याच्या सोयीसाठी होते. दुसऱ्या मतानुसार बांधणीत पत्रांचा क्रम बिघडू नये एवढ्यासाठीच. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. हस्तलिखिताची प्रत्येक प्रत वेगळ्या ठिकाणी पान उलटते, तेव्हा एका प्रतीचा पृष्ठांक दुसऱ्या प्रतीच्या वाचकाला निरुपयोगी ठरतो. भारतीय पोथ्यांची पत्रे तर सुटीच असत. उत्तरेकडील पोथ्यांत पत्रांक बहुधा पत्राच्या मागल्या बाजूस आणि दक्षिणेकडील पोथ्यांत पुढल्या बाजूस लिहिलेला असे. त्याचे काम विस्कटलेली पोथी पुन्हा लावण्याचे.

लांबी मोजण्याची खरी एकके निराळीच होती. ग्रीक-रोमन लेखनिक ओळी मोजत. ही ओळ कागदावर दिसणारी नसून सुमारे १५-१६ अक्षरावयवांची प्रमाण ओळ असे. रोमन बादशहा डायोक्लेशन याच्या इ. स. ३०१ मधील दरपत्रकात उत्तम हस्ताक्षरातील १०० ओळींना २५ देनारी (रोमन नाणी) आणि दुय्यम प्रतीच्या लेखनाला २० देनारी असा दर दिला आहे. भारतात ३२ अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरून एकूण ग्रंथसंख्या पोथीच्या शेवटी ‘ग्रंथाग्र’ म्हणून नोंदवीत. जैन हस्तलिखितांत ती विशेषकरून दिसते. दोन्हीकडे आधी मोजले गेले ते लिहिणाऱ्याचे श्रम. वाचणाऱ्याची मोजदाद फार नंतरची.

नेमून दिलेले वाचन : रोजच्या ठराविक मापाने वाचण्याची परंपरा प्रथम धर्मग्रंथांभोवती वाढली. ख्रिस्ती संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातील मठनियमांत बायबलमधील १५० स्तोत्रे आठवड्यात पूर्ण करण्याची वाटणी आहे. शिवाय उपवासकाळात प्रत्येकाने एक ग्रंथ घेऊन तो पहिल्यापासून अखेरपर्यंत क्रमाने वाचावा, असेही सांगितले आहे. कुराणाचे ३० समान भाग महिन्याभराच्या वाचनाला सोयीचे पडतात. मदिनेहून प्रसिद्ध होणारी प्रत ६०४ पृष्ठांची, दर पृष्ठी १५ ओळींची असून तिचे प्रत्येक पान आयत (कुराणातील वचन) संपते तिथेच संपते. त्यामुळे एक भाग साधारण २० पानांचा होतो, आणि पाच नमाजांना धरून चार-चार पाने वाचली की दिवसाचा वाटा पुरा होतो. येथे वाचनाचे माप आणि छपाईची मांडणी एकमेकांना चपखल बसतात.

याहून ठळक उदाहरण ‘दाफ योमी’चे. रोज तालमूद या ज्यू धर्मग्रंथाचे एक पत्र, म्हणजे दोन्ही बाजू, जगभरच्या ज्यूंनी एकाच दिवशी वाचावी, ही सूचना ज्यू धर्मगुरू मेइर शापिरो यांनी १९२३ मध्ये व्हिएन्नात मांडली. मुद्रक डॅनियल बोम्बर्गच्या १५२०-२३ च्या व्हेनिस आवृत्तीपासून पत्रांची विभागणी जवळजवळ कायम राहिल्याने हे शक्य झाले. सध्या २,७११ पत्रांचे एक आवर्तन सुमारे साडेसात वर्षे चालते. १९७५ पूर्वी ही संख्या २,७०२ होती. मजकूर वाढला नव्हता. ‘शेकालिम’ या प्रकरणासाठी वेगळ्या आवृत्तीची पत्रसंख्या स्वीकारल्यामुळे नऊ दिवस वाढले.

खूण व टिपण : कुठवर वाचले हे दाखविणाऱ्या मध्ययुगीन साधनांपैकी फिरत्या चकतीची खूण उल्लेखनीय आहे. ग्रंथात लोंबणाऱ्या दोरीवर ही चकती वर-खाली सरकवून ओळ दाखवीत आणि फिरवून स्तंभाचा अंक पुढे आणीत. उघड्या ग्रंथाच्या दोन पानांवर मिळून चार स्तंभ, म्हणून अंक १ ते ४. आजच्या पुस्तकखुणांपेक्षा ही अधिक नेमकी होती, असे म्हणायला हरकत नाही. वैयक्तिक याद्यांपैकी चार्ल्स डार्विनच्या वह्या प्रसिद्ध आहेत : १८३८ पासून १८६० पर्यंत त्याने ‘वाचायची’ आणि ‘वाचलेली’ पुस्तके वेगळी नोंदविली.

संगणकीय मापन : २००७ मध्ये आलेल्या किंडल या अ‍ॅमेझॉनच्या ई-वाचकयंत्रावर अक्षर लहान-मोठे करता येत असल्याने पृष्ठांकाला अर्थ उरला नाही, त्याऐवजी ‘लोकेशन’ (मजकुरातील स्थानाचा क्रमांक) आणि टक्केवारी दाखविण्यात आली. छापील आवृत्तीशी जुळणारे पृष्ठांक २०११ मध्ये, तेही निवडक पुस्तकांना, मिळाले. अडोबी डिजिटल एडिशन्स या ई-पुस्तके वाचण्याच्या प्रणालीत छापील पृष्ठांक दिलेले नसल्यास दाबून साठविलेल्या मजकुराचे १,०२४ बाइट म्हणजे एक पान, असा निव्वळ यांत्रिक संकेत आहे. जुलै २०१५ पासून अ‍ॅमेझॉनच्या वर्गणी योजनेत लेखकांना वाचल्या गेलेल्या पानांनुसार मोबदला दिला जाऊ लागला आणि त्यासाठी कंपनीने स्वतःचे प्रमाण पृष्ठ ठरविले. मोजणी आणि मोबदला यांचे जुने नाते असे परतले. फक्त आता मोजले जाते ते वाचन. वार्षिक पुस्तकसंख्येचे आव्हान गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळामुळे रूढ झाले, तर अ‍ॅपलने आपल्या पुस्तकवाचनाच्या अ‍ॅपमध्ये २०१९ मध्ये पाने सोडून मिनिटे धरली, तीही मुळात रोज पाचच.

परिणाम : मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबर्ट यांच्या २०१९ मधील संकलनानुसार प्रौढांचा इंग्रजीतील मूकवाचनाचा सरासरी वेग ललितेतर मजकुरासाठी मिनिटाला २३८ शब्द आणि कथात्म मजकुरासाठी २६० शब्द पडतो. हा वेग इतर भाषांना जसाच्या तसा लागू करू नये. पानावर ३०० शब्द धरले तर ललितेतर पुस्तकाची २० पाने सुमारे २५ मिनिटांची होतात. दाट तळटीपांच्या ग्रंथात हा हिशेब कोलमडतो.

प्रगती तपासत राहिल्याने ध्येय गाठण्याची शक्यता वाढते, असे २०१६ मधील १३८ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले. त्याच वर्षी ग्राहकवर्तनाच्या अभ्यासक जॉर्डन एटकिन यांनी प्रयोगांवरून उलट बाजू दाखविली : चालणे, वाचणे यांसारखी आवडीची कामे मोजली जाऊ लागली की अधिक होतात, पण त्यांतला आनंद घटतो. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी समजण्याचे कारण नाही. पहिला किती वाचले याविषयी आहे, दुसरा कसे वाटले याविषयी. दुसरी-तिसरीतील मुलांवरील २०१२ च्या एका लहान अभ्यासात सक्तीची वाचननोंद ठेवणाऱ्यांची वाचनाची ओढ कमी झाली, तर ऐच्छिक नोंद ठेवणाऱ्यांची वाढली.