शाफ्टचं डिझाइन आणि ‘समतुल्य बेंडिंग मोमेंट’चं त्रांगडं

तुळईच्या वाकण्याचा हिशेब 1638 मध्ये छापून आला तो चुकीचाच होता. संपूर्ण छेदावर ताण सारखा पसरतो आणि तुळई खालच्या कडेवर उचकटते, असं त्यात धरलं होतं. त्यामुळे आयताकृती तुळईची ताकद आजच्या सूत्राच्या तिप्पट निघायची. न्यूट्रल अॅक्सिस (जिथे ना ताण ना दाब, ती रेषा) छेदाच्या मध्यातून जातो, ही गोष्ट 1826 पर्यंत पाठ्यपुस्तकात पक्की झाली. गोल छेदातला बेंडिंग स्ट्रेस (वाकण्यामुळे येणारा ताण) काढायचं 32 वालं सूत्र त्यातूनच येतं आणि ते इंजिनिअरिंगच्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ असतं.

पण तुळई जागेवर असते, शाफ्ट (यंत्रातला दांडा) फिरतो. भार स्थिर असला तरी पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू अर्ध्या फेऱ्यात ताणातून दाबात जातो. मिनिटाला 1440 फेऱ्या घेणारा शाफ्ट बारा तासांच्या आत अशी दहा लाख आवर्तनं पुरी करतो. 1842 मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वे इंजिनाचा अॅक्सल (चाकांचा आस) तुटून भीषण अपघात झाला, तेव्हा ‘वापरून वापरून लोखंड स्फटिकासारखं ठिसूळ होतं’ असं सर्रास मानलं जाई. 1850 आणि 1860च्या दशकांत जर्मनीत रेल्वेचे अॅक्सल फिरवून फिरवून तोडण्यात आले, तेव्हा फटिगची (वारंवार उलटसुलट भाराने धातूला येणाऱ्या थकव्याची) मर्यादा आकड्यांत आली. शाफ्टच्या बेंडिंग स्ट्रेसचा खरा इतिहास इथून सुरू होतो, असं मला वाटतं.

आता घोळ घालणारा शब्द: ‘समतुल्य बेंडिंग मोमेंट’. शाफ्टवर वाकण्याबरोबर (बेंडिंग) पीळही (टॉर्क) असतो. दोन्ही मिळून जेवढा परिणाम करतात, तेवढा एकट्याने करणारा वाकवणारा मोमेंट म्हणजे हा. दोन्ही एकत्र कसे मोजायचे यावर एकोणिसाव्या शतकात दोन मतं होती. एक म्हणे, सर्वांत मोठा नॉर्मल स्ट्रेस (सरळ ओढणारा किंवा दाबणारा) बघा. दुसरं म्हणे, सर्वांत मोठा शिअर स्ट्रेस (थर एकमेकांवर सरकवणारा) बघा. पहिल्यातून समतुल्य बेंडिंग मोमेंट निघाला, दुसऱ्यातून समतुल्य टॉर्क. बेंडिंग 3 आणि टॉर्क 4 घ्या, एकक काहीही. समतुल्य टॉर्क 5 येतो, समतुल्य बेंडिंग मोमेंट 4. मऊ पोलादासाठी शिअरचं मत बरोबर ठरतं, हे 1900च्या सुमारास धातूच्या नळ्यांवरच्या प्रयोगांनी दाखवून दिलं. तरीही पाठ्यपुस्तकांनी दोन्ही ठेवले: दोन्हींनी व्यास काढा, मोठा तो घ्या. वरवर हा सावधपणा वाटतो. पण परवानगीचा शिअर स्ट्रेस नॉर्मलच्या निम्मा धरला, की पहिल्या सूत्राचा व्यास दुसऱ्यापेक्षा मोठा कधीच येत नाही. वरच्या उदाहरणात तो सुमारे 7 टक्के लहान येतो. म्हणजे अर्धं पान गणित करायचं आणि सोडून द्यायचं! परीक्षेत मात्र त्याला गुण असतात. 1913 मध्ये मांडला गेलेला आणि आज सॉफ्टवेअरमध्ये सर्रास वापरला जाणारा निकष लावला, तर याच उदाहरणात समतुल्य बेंडिंग मोमेंट 4.58 येतो. नाव तेच, सूत्र वेगळं. गोंधळ इथेच वाढतो.

शाफ्टसाठीच्या 1927च्या अमेरिकन संहितेने शिअरचा पक्ष घेतला. परवानगीचा शिअर स्ट्रेस यील्डच्या (धातू कायमचा वाकू लागतो तो स्ट्रेस) 30 टक्के किंवा अल्टिमेटच्या (धातू सोसू शकतो तो सर्वांत मोठा स्ट्रेस) 18 टक्के, यांपैकी कमी तो. की-वे (चावी बसवायची खाच) असेल तर त्यातून आणखी 25 टक्के वजा. फिरत्या शाफ्टवर भार हळूहळू येत असेल तर बेंडिंगला 1.5 ने गुणायचं, टॉर्कला 1 ने. त्या दीडमध्ये धक्का आणि फटिग दोन्ही एकत्र कोंबले होते. हिशेब झटपट व्हायचा, पण शाफ्टच्या खांद्याची (जिथे व्यास बदलतो) गोलाई, पृष्ठभागाचं फिनिश यांना त्यात स्वतंत्र जागा नव्हती. शाफ्ट तर बहुतेकदा तिथूनच तुटतो.

1985च्या अमेरिकन प्रमाणकाने बाजू बदलली: बेंडिंग उलटसुलट, टॉर्क स्थिर, आणि एंड्युरन्स लिमिट (म्हणजे फटिगची मर्यादा) थेट सूत्रात. तेही पुढे मागे घेतलं गेलं. 1927चा तो दीड मात्र अजूनही पाठ्यपुस्तकांतल्या तक्त्यांमध्ये छापून येतो.