गॅब्रिएल गेल्यावर जेनेसिसची गाणी कोणाची?

'सेकंड्स आउट' हा जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडचा दुहेरी लाइव्ह अल्बम ऑक्टोबर १९७७ मध्ये बाजारात आला. मुख्य गायक पीटर गॅब्रिएलला बँड सोडून तोवर दोन वर्षं उलटून गेली होती. तरीही अल्बमातल्या बारा गाण्यांपैकी सात त्याच्या काळातली आहेत आणि घड्याळ लावून बघितलं तर ती सात गाणी मिळूनच दोन तृतीयांशाहून जास्त वेळ खातात. गातो आहे मात्र फिल कॉलिन्स. या सातही गाण्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणात तो ड्रम्सच्या मागे बसला होता.

मुख्य गायक निघून गेला की बँडपुढे पहिला प्रश्न नव्या अल्बमचा असतो असं आपण धरून चालतो. खरं तर तो भाग त्यातल्या त्यात सोपा. नवी गाणी नव्या गायकाच्या गळ्याला बेतून रचता येतात, न जमलेली जागा पुन्हा गाता येते, तुलना करायला कोणी समोर नसतं. कसोटी लागते ती जुन्या गाण्याची. ज्या श्रोत्यांना ते गाणं दुसऱ्याच्या आवाजात तोंडपाठ आहे, त्यांच्यासमोर उभं राहून ते गायचं आणि वर ते ध्वनिमुद्रित करून विकायला ठेवायचं, हा एक जाहीर दावा असतो: ही गाणी बँडची आहेत, गेलेल्या माणसाची नाहीत. असा दावा अनेकांनी केला. जेनेसिसइतका तो पूर्णपणे कोणाला सिद्ध करता आला असं मला वाटत नाही.

त्यासाठी गॅब्रिएलचं वजन किती होतं हे आधी बघावं लागेल. चार्टरहाउस या इंग्लंडमधल्या निवासी शाळेतल्या मुलांनी १९६७ मध्ये हा बँड सुरू केला. गॅब्रिएल, टोनी बँक्स आणि माइक रदरफर्ड हे त्यांपैकी टिकलेले तिघे. कॉलिन्स १९७० मध्ये आला, गिटारवादक स्टीव्ह हॅकेट त्याच्या पाठोपाठ. संगीत बहुतेक सगळे मिळून रचत. पण सप्टेंबर १९७२ मध्ये डब्लिनच्या एका कार्यक्रमात गॅब्रिएल बायकोचा लाल झगा अंगात घालून आणि कोल्ह्याचं मुंडकं डोक्यावर चढवून रंगमंचावर आला, आणि त्या रात्रीपासून वर्तमानपत्रांसाठी जेनेसिस म्हणजे गॅब्रिएल झाला. पुढे फुलाचा मुखवटा आला, 'द म्युझिकल बॉक्स' या गाण्याच्या शेवटासाठी जख्ख म्हाताऱ्याचा चेहरा आला. बाकीचे चौघे बहुतेक वेळ खाली मान घालून वाजवत असत. इतक्या गुंतागुंतीच्या संगीताला दुसरा इलाजही नव्हता.

या काळाची अधिकृत लाइव्ह नोंद तुटपुंजी आहे. 'जेनेसिस लाइव्ह' १९७३ मध्ये निघाला. त्यातली गाणी त्याच वर्षी फेब्रुवारीत मँचेस्टर आणि लेस्टरमध्ये, 'किंग बिस्किट फ्लॉवर अवर' या अमेरिकी रेडिओ कार्यक्रमासाठी ध्वनिमुद्रित केलेली होती. एकच तबकडी, किंमत मुद्दाम कमी ठेवलेली. 'सपर्स रेडी' ही तेवीस मिनिटांची, बँडची सगळ्यात महत्त्वाकांक्षी रचना त्यात नाही. म्हणजे गॅब्रिएल गेला तेव्हा जेनेसिसच्या मुकुटातल्या हिऱ्याची अधिकृत लाइव्ह आवृत्तीच अस्तित्वात नव्हती. पुढे जे घडलं त्यात या रिकाम्या जागेला मोठा अर्थ आहे.

त्याचा शेवटचा दौरा 'द लॅम लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' या दुहेरी अल्बमचा. नोव्हेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला हा दौरा मे १९७५ पर्यंत चालला. रोज रात्री अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचा. सुरुवातीच्या श्रोत्यांनी तर ती गाणी धड ऐकलेलीही नव्हती. 'स्लिपरमेन' या गाण्यातल्या पात्राच्या पोशाखाला फुगवलेले गोळे लटकत, त्यात गॅब्रिएलच्या तोंडापर्यंत माइक पोचत नसे. दौऱ्याच्या सुरुवातीलाच, क्लीव्हलंडमध्ये, त्याने सोबत्यांना सांगून टाकलं की आपण बँड सोडणार. त्याची पहिली मुलगी त्याच वर्षी जन्मली होती, जन्माच्या वेळी तिच्या जिवावर बेतलं होतं आणि त्या दिवसांत बँडकडून पुरेसं समजून घेतलं गेलं नाही ही सल त्याच्या मनात होती. तरी ठरलेले कार्यक्रम त्याने पार पाडले. बातमी फुटली ती ऑगस्ट १९७५ मध्ये.

या दौऱ्याची ध्वनिफीत यायला १९९८ उजाडलं. लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये जानेवारी १९७५ मध्ये झालेला कार्यक्रम जुन्या ध्वनिमुद्रणांच्या एका संचात निघाला. पण मुखवट्यांमुळे मूळ गायन बरंच बिघडलेलं होतं, म्हणून गॅब्रिएलने पुष्कळ भाग स्टुडिओत नव्याने गायला. चोवीस वर्षांच्या वादकांच्या मागे पंचेचाळिशी ओलांडलेला गळा ऐकू येतो. मला तो संच प्रिय आहे, तरी 'गॅब्रिएलचा शेवटचा दौरा असा होता' म्हणून तो पुढे करायला मन धजत नाही.

नव्या गायकाचा शोध १९७५ च्या उत्तरार्धात सुरू झाला. जाहिरात दिली, फिती आल्या, उमेदवारांच्या चाचण्या झाल्या. येणाऱ्याला चाल समजावून द्यायचं काम कॉलिन्सकडे होतं आणि तो ती येणाऱ्यापेक्षा बरी गात होता. तरी कोणाला हे लगेच पटलं नाही, खुद्द त्यालाही नाही. नव्या अल्बमचं काम ट्रायडंट स्टुडिओत सुरू झाल्यावर बाहेरच्या एका गायकाकडून 'स्क्वाँक' गाऊन घेण्याचा प्रयत्न झाला. पट्टी त्याच्या गळ्याला बसेना. मग कॉलिन्स गायला आणि विषय मिटला. 'अ ट्रिक ऑफ द टेल' फेब्रुवारी १९७६ मध्ये आला आणि ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला.

यात नशिबाचा भाग होता, पण केवळ नशिबाचा नाही. कॉलिन्सने 'फॉर अ‍ॅब्सेंट फ्रेंड्स' आणि 'मोर फूल मी' ही गाणी आधीच गायली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाच वर्षं गॅब्रिएलच्या मागचा दुसरा आवाज बऱ्याचदा त्याचाच होता. श्रोते न कळत दोघांना एकत्र ऐकत आले होते. बाहेरून आलेल्या गायकाला हे भांडवल कुठून मिळणार?

आता अडचण ड्रम्सची. गाताना पूर्ण वेळ वाजवणं शक्य नव्हतं. १९७६ च्या दौऱ्यात ‘येस’ आणि ‘किंग क्रिम्झन’मधून नाव कमावलेला बिल ब्रुफर्ड आला, पुढच्या वर्षी चेस्टर टॉम्पसन. टॉम्पसन फ्रँक झॅपा आणि 'वेदर रिपोर्ट'कडे वाजवून आलेला. झॅपाच्या 'रॉक्सी अँड एल्सव्हेअर' या लाइव्ह अल्बममध्ये दोन ड्रमर एकदम एक लांब, घरंगळत जाणारा फिल (म्हणजे मधली जागा भरणारा ड्रम्सचा तुकडा) वाजवतात. कॉलिन्स त्यावर इतका खूश होता की तोच फिल त्याने 'आफ्टरग्लो'च्या शेवटी दोघांसाठी घेतला. 'सेकंड्स आउट'च्या पहिल्या बाजूचा शेवट ऐका. गायन संपतं, कॉलिन्स माइक सोडून ड्रम्सकडे गेलेला असतो, बँक्सचे किबोर्ड आणि सामूहिक 'आ'कार वर चढत राहतो आणि त्याखाली दोन ड्रमर एका हाताने वाजवल्यासारखे कोसळतात. इथे कळतं की गायक ड्रमर असणं ही तडजोड उरलेली नाही. गॅब्रिएल असता तर ही जागा झालीच नसती.

अल्बममधली जवळजवळ सगळी गाणी जून १९७७ मध्ये पॅरिसच्या पॅले द स्पोर्त सभागृहात ध्वनिमुद्रित झाली. अपवाद 'द सिनेमा शो'चा. ते आदल्या वर्षीचं, पॅरिसमधलंच, ब्रुफर्डसह वाजवलेलं आहे. 'फर्थ ऑफ फिफ्थ'ची सुप्रसिद्ध पियानोची सुरुवात इथे नाही, गाणं थेट गायनाने उघडतं. मला ती उणीव दर वेळी जाणवते. भरपाई हॅकेटच्या गिटारने होते. तिचे लांबवलेले स्वर त्या मोठ्या सभागृहात मूळ तबकडीपेक्षा जास्त श्वास घेतात.

आणि तिसरी बाजू संपूर्ण 'सपर्स रेडी'ला दिलेली. गॅब्रिएलच्या काळात जे राहून गेलं ते त्याच्याविना झालं. कॉलिन्सने इथे एक शहाणपणाची गोष्ट केली: वेश घेतले नाहीत. 'विलो फार्म'च्या भागात गॅब्रिएलचा खट्याळपणा, त्यातली किंचित घाबरवणारी छटा कॉलिन्सकडे नाही. तो शब्द स्वच्छ टाकतो, पण पात्र उभं राहत नाही. 'म्युझिकल बॉक्स'चा शेवटही असाच, आर्त आहे पण म्हाताऱ्याची विखारी वासना त्यात उतरत नाही. उलट 'सपर्स रेडी'चा अखेरचा, नव्या जेरुसलेमचा भाग कॉलिन्सच्या आवाजात असा काही मोकळा होतो की मूळ गायन तिथे आखडलेलं वाटू लागतं. लाभ आणि हानी एकाच तबकडीवर इतक्या उघडपणे मांडलेली आहे, म्हणून मी या अल्बमला मानतो. याचं मिक्सिंग चालू असतानाच हॅकेटनेही बँड सोडला.

इतरांनी काय केलं? इयन गिलन १९७३ मध्ये डीप पर्पलमधून गेल्यावर डेव्हिड कव्हरडेल आला. एप्रिल १९७५ मधल्या कार्यक्रमांवरून बनलेल्या 'मेड इन युरप'मध्ये गिलनच्या काळातलं एकही गाणं नाही. 'मेड इन जपान' या गिलनच्या आवाजातल्या लाइव्ह अल्बमशी तुलनाच टळली. रंगमंचावर जुनी गाणी होत होती, त्यामुळे त्यांना तबकडीवरून गाळणं हा विचारपूर्वक निर्णय दिसतो आणि मला तो काहीसा भित्रा वाटतो.

ब्लॅक सबाथचं प्रकरण सगळ्यात कडवट. ऑझी ऑस्बॉर्नला १९७९ मध्ये काढण्यात आलं. पुढच्याच वर्षी १९७३ ची जुनी ध्वनिमुद्रणं 'लाइव्ह अ‍ॅट लास्ट' नावाने बँडच्या संमतीविना बाजारात आली आणि ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. ऑझीच्या जागी आलेला रॉनी जेम्स डिओ बँडला नव्याने उभं करत असताना दुकानात जुना गायक गात होता. मग १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये ऑझीने 'स्पीक ऑफ द डेव्हिल' काढला, न्यूयॉर्कच्या रिट्झमध्ये वाजवलेला, सगळीच्या सगळी सबाथची गाणी. त्याचा गिटारवादक रँडी रोड्स त्याच मार्चमध्ये विमान अपघातात गेला होता, ब्रॅड गिलिस ऐनवेळी उभा राहिला होता. लगोलग सबाथचा 'लाइव्ह इव्हिल' आला, डिओच्या आवाजात. 'वॉर पिग्ज', 'आयर्न मॅन', 'पॅरानॉइड' धरून सहा गाणी दोन्ही अल्बमांत आहेत. एकाकडे गायक, दुसऱ्याकडे गिटारवादक टोनी आयोमी आणि नाव. त्यातच मिक्सिंगच्या वेळी गायनाचा आवाज गुपचूप वाढवल्याचा आरोप डिओवर झाला. त्याने तो नाकारला, पण तोवर तो आणि ड्रमर विनी अपिसी बाहेर पडले होते. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकावेत. गाणी ऑझीची वाटतात, वजन आयोमीचं वाटतं आणि डिओ स्वतःच्या काळातलं 'हेवन अँड हेल' गातो तेव्हाच 'लाइव्ह इव्हिल' खऱ्या अर्थाने त्याचा होतो.

पिंक फ्लॉइडचं उदाहरण हमखास दिलं जातं. रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये गेला, नावावरून कज्जा झाला, १९८७ च्या डिसेंबरमध्ये तडजोड झाली आणि पुढच्या वर्षी 'डेलिकेट साउंड ऑफ थंडर' आला. सोव्हिएत अंतराळवीरांनी त्याची कॅसेट अंतराळात नेली. पण गिटारवादक डेव्हिड गिल्मर त्यातली बरीच गाणी आधीपासून गातच होता, तेव्हा ही तीच परीक्षा नव्हे.

गॅब्रिएलने स्वतः काय केलं हेही बघण्यासारखं आहे. १९८३ च्या त्याच्या 'प्लेज लाइव्ह' या दुहेरी अल्बममध्ये जेनेसिसचं एकही गाणं नाही. त्याने दावा लावलाच नाही. त्याआधी ऑक्टोबर १९८२ मध्ये, त्यानेच उभ्या केलेल्या वोमॅड या संगीत महोत्सवाच्या कर्जातून त्याला सोडवायला जुने सोबती मिल्टन कीन्सला त्याच्यासोबत एका संध्याकाळी उभे राहिले, भर पावसात. त्या कार्यक्रमाचा अधिकृत अल्बम कधी झाला नाही.

जेनेसिसला तोवर सिद्ध करण्यासारखं काही उरलं नव्हतं. १९८२ च्या 'थ्री साइड्स लाइव्ह'मध्ये 'इन द केज', 'सिनेमा शो' आणि 'स्लिपरमेन' यांचे तुकडे एका मालिकेत गुंफलेले आहेत. गॅब्रिएलचा काळ आता नव्या गाण्यांच्या मधली एक आठवण झाला होता. वाजवणं धारदार आहे, तरी अशी मालिका ऐकताना मला घाई जाणवते.

कॉलिन्स १९९६ मध्ये बाहेर पडला तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि या वेळी घरातला पर्याय नव्हता. स्कॉटिश गायक रे विल्सन आला. 'कॉलिंग ऑल स्टेशन्स' १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत मात्र पडला आणि तिथला दौरा रद्द झाला. युरोपच्या दौऱ्यात विल्सनने गॅब्रिएलचीही गाणी गायली आणि कॉलिन्सचीही. त्याचा जाडसर, खालच्या पट्टीतला आवाज 'लॅम'च्या गाण्यांना शोभत होता. पण त्या दौऱ्याचा लाइव्ह अल्बम बँडने काढला नाही. पुढे विल्सन ती गाणी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बँडसह वाजवत आणि ध्वनिमुद्रित करत राहिला. हॅकेटनेही तेच केलं: २०२१ च्या दौऱ्यात त्याने 'सेकंड्स आउट' पूर्ण वाजवला आणि पुढच्या वर्षी त्याचा लाइव्ह अल्बम आला. त्यात गायला नॅड सिल्व्हन, जो जेनेसिसमध्ये कधीच नव्हता.