दहावीचे विषय नववीतच ठरतात: फॉर्मवर सही करण्याआधी इंदूरच्या पालकांनी वाचावं असं

"विषयांचं काय ते दहावीत गेल्यावर बघू" असं म्हणणारे पालक दर वर्षी भेटतात. सीबीएसईत दहावीत गेल्यावर बघण्यासारखं फार काही उरत नाही. नववीत शाळा मंडळाकडे विद्यार्थ्याची नोंदणी करते. त्या नोंदणीत जे विषय गेले, तेच दहावीला. नववीत जो विषय घेतला नाही आणि पास केला नाही, तो दहावीत मागता येत नाही. तरी शाळेतून आलेला तो एक पानी फॉर्म लोकमान्य नगरपासून सुदामा नगरपर्यंत सगळीकडे स्कूटरच्या सीटवर ठेवून सही करून परत जातो. त्यात काय लिहिलंय हे मुलालाही नीट ठाऊक नसतं.

पुढचं सगळं 2025-26 च्या सत्राच्या रचनेप्रमाणे आहे. मंडळ रचना बदलत असतं, म्हणून मूल ज्या वर्षी नववीत आहे त्या वर्षीचा अभ्यासक्रम मंडळाच्या साइटवरून उतरवून त्याची निदान सुरुवातीची पानं वाचा.

सांगाडा सोपा आहे. दोन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक विज्ञान असे पाच विषय. प्रत्येकी 80 गुणांचा पेपर आणि 20 गुण शाळेकडचे, पास व्हायला दोन्ही मिळून 33 टक्के. हजेरी 75 टक्के. याशिवाय सहावा विषय म्हणून एखादा कौशल्य विषय घेता येतो, आणि सातवा म्हणून आणखी एक भाषा. हे दोन ऐच्छिक.

भाषा

इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली भाषा इंग्रजी धरलेलीच असते. प्रश्न दुसरीचा. हिंदी की संस्कृत? दोन भाषांपैकी एक हिंदी किंवा इंग्रजी असलीच पाहिजे हा मंडळाचा नियम. त्यामुळे इंग्रजी आणि संस्कृत अशी जोडी चालते आणि "संस्कृतात गुण पडतात" म्हणून बरेच जण तिकडे वळतात. गुण पडतात हे खरं, पण ज्याने सहावी ते आठवी संस्कृत नुसतं घोकून काढलंय, विभक्ती बघितली की ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याच्यासाठी पुढची दोन वर्षं जड जातात. हिंदीतही अ आणि ब असे दोन अभ्यासक्रम आहेत (विषय क्रमांक 002 आणि 085). कुठला शिकवायचा हे बहुतेक वेळा शाळेने आधीच ठरवलेलं असतं. विचारून घ्या.

मराठी? सीबीएसईत मराठी आहे, विषय क्रमांक 009. "मग आमच्या मुलाला का नाही देत?" असं आजीआजोबा हमखास विचारतात. मंडळाच्या यादीत विषय असणं वेगळं आणि शाळेत तो शिकवला जाणं वेगळं. शाळेत मराठीचे शिक्षक नसतील तर 20 गुण देणार कोण? म्हणून आधी शाळेकडून लेखी होकार घ्या, मगच मुलाला आशा दाखवा. आणखी एक, जरा कटू आहे. घरी अस्खलित मराठी बोलणारी आपली इंदुरी मुलं लिहायला बसली की ऱ्हस्व-दीर्घ हिंदीच्या वळणावर जातात आणि "मी बाजार गेलो" असं वाक्य पडतं. पेपरात निबंध आणि व्याकरण असतं. घरी वर्षभर मुलाकडून लिहून घेणारं कोणी असेल तरच हा विषय घ्यावा.

पुण्या-नाशिकहून बदलीने आलेल्या कुटुंबांची अडचण वेगळी. दहावीत थेट प्रवेशाला मंडळाची मंजुरी लागते. त्यासाठी नववीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि बदलीचा आदेश हे सगळं सोबत हवं. "कागद मागून पाठवतो" चालत नाही.

गणित: बेसिक की स्टँडर्ड

सगळ्यात जास्त गैरसमज इथे. गणिताची ही निवड मात्र नववीत होत नाही. दहावीत शाळा उमेदवारांची यादी मंडळाला पाठवते, जिला सगळे एलओसी म्हणतात, तिच्यात 041 म्हणजे स्टँडर्ड किंवा 241 म्हणजे बेसिक असं भरलं जातं. 2020 च्या परीक्षेपासून ही सोय सुरू झाली. पुस्तक तेच, अभ्यासक्रम तोच, वर्ग तोच, शाळेकडचे 20 गुणही तसेच. फरक फक्त प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यात.

मूळ हेतू असा की ज्याला पुढे गणित घ्यायचंच नाही त्याचा जीव उगाच टांगणीला लागू नये. म्हणून मूळ नियमाप्रमाणे बेसिक घेणाऱ्याला अकरावीत 041 गणित नाही. कोविडच्या काळापासून मंडळाने यात सवलत दिली, पण ती परिपत्रकाने आणि मुलाची कुवत बघून शाळाप्रमुखाने खात्री केली तर, अशी. अशा सवलतीवर विसंबून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची दिशा ठरवू नका. परिपत्रक आलं तरी शाळा "आमच्याकडे जागा नाहीत" म्हणू शकते, आणि म्हणतात.

टक्के वाढावेत म्हणून बेसिक घेतलेली मुलं अकरावीच्या दारात अडकलेली दिसतात. आर्किटेक्चरला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही लागतात. एनडीएतून हवाई दलात किंवा नौदलात जायचं तरी हे दोन्ही लागतात. इंजिनीअरिंगचं तर सांगायलाच नको. नीटला गणित लागत नाही, पण दहावीतलं मूल बारावीपर्यंत डॉक्टरकीवरच ठाम राहील याची हमी कोण देणार? कॉमर्सला गणित नको हीही अर्धवट माहिती. सीएच्या पहिल्या परीक्षेत, म्हणजे फाउंडेशनमध्ये, गणित आणि संख्याशास्त्राचा आख्खा पेपर आहे. बेसिक घेतलेल्यांसाठी अकरावीत अप्लाइड मॅथेमॅटिक्स आहे, आणि मंडळाची कमाल अशी की त्याचाही क्रमांक 241 च. दहावीचा 241 आणि अकरावीचा 241 हे दोन वेगळे विषय आहेत, एवढं लक्षात ठेवा.

उलट बाजूही आहे. "लोक काय म्हणतील" म्हणून स्टँडर्ड लादलेली मुलं वर्षभर क्लास आणि रडारड यांतच अडकतात. बेसिक घेणं म्हणजे नापासाचा शिक्का नव्हे. ज्या मुलीला चित्रकला, भाषा किंवा कायदा यात रस आहे आणि गणिताचं नाव काढलं की जिला घाम फुटतो, तिला बेसिक घेऊ द्या, बाकीच्या विषयांना तिचा वेळ मिळेल.

हे ठरवायचं कसं? सहामाहीच्या गुणांवरून नको, आणि क्लासवाल्या सरांच्या अंदाजावरून तर नकोच, त्यांचा बॅचचा हिशोब वेगळा असतो. मंडळाच्या साइटवर दोन्हींचे नमुना पेपर असतात. एका रविवारी एक, पुढच्या रविवारी दुसरा, घड्याळ लावून तीन तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत. मग मुलालाच विचारा की तुला काय वाटलं. उत्तर बहुधा त्याच्या चेहऱ्यावर आधीच असतं.

सहावा विषय

माहिती तंत्रज्ञान (402) आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स (417) हे जास्त दिसणारे. लेखी 50, प्रात्यक्षिक 50. पुष्कळ पालक "उगाच ओझं" म्हणून नाकारतात. नाकारण्याआधी एवढं समजून घ्या की गणित, विज्ञान किंवा सामाजिक विज्ञान यांपैकी एकात मूल नापास झालं आणि सहाव्या कौशल्य विषयात पास असलं, तर निकालात तो विषय नापास विषयाची जागा घेतो. काठावरच्या मुलासाठी ही मोठी सोय आहे. पण गणिताच्या जागी आयटी बसलं तर अकरावीत गणित मागायचं तोंड राहत नाही, हेही तितकंच खरं.

नावं, जन्मतारखा आणि न सापडणारा कागद

विषय बरोबर असूनही नोंदणी अडकते ती इथे.

नववीच्या नोंदणीत गेलेलं मुलाचं, आईचं आणि वडिलांचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर छापलं जातं, आणि तीच पुढे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मभर चालते. आपल्या मराठी घरांत गडबडीची ठरलेली ठिकाणं आहेत. आधारवर मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं तिहेरी नाव. शाळेच्या दाखल्यावर हिंदी पद्धतीने फक्त नाव आणि आडनाव. कुलकर्णीच्या शेवटी इंग्रजीत एका कागदावर 'आय', दुसऱ्यावर दोन 'ई'. आणि सगळ्यात अवघड आईचं नाव. लग्नात नाव बदललेलं, मुलाच्या जन्मदाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, शाळेत तिसरंच. हसण्यावारी नेऊ नका. नोंदणी जाण्याआधी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षरन् अक्षर ताडून बघा. अपार आयडीसाठीही (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक) शाळेतलं आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं.

मंडळ प्रमाण मानतं ते शाळेची प्रवेश-नोंदवही. ती दुरुस्त करायची तर नोंदणीच्या आधी, शाळेतच. निकाल लागल्यावर शाळेच्या नोंदीशी न जुळणारी छपाईची चूक सुधारून मिळते. नाव बदलायचं म्हटलं की राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि भोपाळच्या प्रादेशिक कार्यालयाशी पत्रव्यवहार.

आता तो न सापडणारा कागद. पुष्कळ घरांत जन्मदाखला असतो, पण त्यावर बाळाचं नावच नसतं. रुग्णालयाने जन्म कळवला तेव्हा बारसं झालेलं नव्हतं, नंतर नाव टाकायचं राहून गेलं. कायद्याने जन्मनोंदणीत नाव घालायला 15 वर्षांची मुदत आहे, पहिल्या 12 महिन्यांत फुकट आणि नंतर विलंब शुल्क भरून. ही मुदत नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. पालक मोजतात दाखल्याची प्रत काढली त्या तारखेपासून, आणि म्हणतात, "अजून वेळ आहे." नववीतलं मूल चौदा वर्षांचं असतं. वेळ नाही. नगर निगमच्या झोन कार्यालयात जाऊन हे काम या सुट्टीतच उरका.

आधारचीही एक अट लोकांना माहीत नसते. मूल 15 वर्षांचं झालं की बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने द्यावी लागते. ती न दिलेली असली की ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) होत नाही, आणि सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या एमपी ऑनलाइनच्या दुकानातला पोरगा "सर्व्हर डाउन है" म्हणून मोकळा होतो. सर्व्हर नेहमीच डाउन नसतो.

वाचन-लेखनाची अडचण असलेली मुलं

डिस्लेक्सियासारखी अडचण असलेल्या मुलांना मंडळ विषयांतही सवलत देतं. एक भाषा सक्तीची ठेवून बाकी विषय चित्रकला, संगीत, गृहविज्ञान अशा यादीतून निवडता येतात. तीन तासांच्या पेपरला एक तास जादा आणि लेखनिकही मिळतो. पण त्यासाठी सरकारी रुग्णालयाचं किंवा मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. खासगी समुपदेशकाचा रिपोर्ट, कितीही जाड असला तरी, एकटा पुरत नाही. प्रमाणपत्राला महिने लागतात आणि अर्ज शाळेमार्फत एलओसीच्या वेळेपर्यंत जायला हवा. शेजाऱ्यांना कळेल या भीतीने पालक दहावीच्या दिवाळीपर्यंत थांबतात, आणि सोसावं मुलाला लागतं. नववी सुरू होताच हे काम हाती घ्या.

मध्यप्रदेश मंडळ

माध्यमिक शिक्षा मंडळाच्या शाळांतही नामांकन (नोंदणीला तिथे हाच शब्द) नववीतच होतं आणि ऑनलाइन भरलं जातं. इथे जादा लागतो तो समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा ओळख क्रमांक, मुलाचा नऊ अंकी. कुटुंबाचा आठ अंकी नव्हे. हे दोन अदलाबदल करून भरणारे कमी नाहीत. मराठी इथे भाषा विषय म्हणून आहे, पण शिक्षकांची अडचण तीच.

फॉर्म गेल्यावर बदल हवा असेल तर

विषयबदलासाठी पालकांचा अर्ज, कारण आणि कारणाचा पुरावा (वैद्यकीय असेल तर कागद) शाळेकडे द्यायचा, शाळा तो मंडळाकडे पाठवते. मुदत दर वर्षी परिपत्रकात असते. ती मुदत शाळेने मंडळाकडे पाठवण्याची असते, तुम्ही शाळेत अर्ज देण्याची नव्हे. लोक शेवटच्या दिवशी दुपारी अर्ज घेऊन येतात आणि खिडकीवरच्या बाबूंशी भांडतात. बाबूंचंही चुकतं, अर्जाची पोच मागितली की कपाळाला आठ्या पडतात. तरी पोच मागाच, तारीख आणि शिक्क्यासह.

एलओसी जाण्याआधी शाळा एक छापील चेकलिस्ट तपासायला देते. त्यावर सही मुलाने स्वतः वाचून करावी. आधी विषय क्रमांकांवरून बोट फिरवायचं, मग तिन्ही नावांवरून, मग जन्मतारखेवरून. नंतर त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे शाळा "तुम्हीच सही केली होती" म्हणाली, तर कशावर केली होती हे दाखवायला तेवढाच पुरावा तुमच्याकडे असेल.