सायकल सरळ जात नाही

पाऊस उघडून डांबर वाळायला लागलं की डबक्यातून गेलेल्या एखाद्या सायकलचा माग बघा. दोन ओल्या रेषा दिसतात. पुढच्या चाकाची रेष जास्त नागमोडी, मागच्या चाकाची जरा शांत, आणि दोन्ही एकमेकींना छेदत जातात, सैल घातलेल्या वेणीसारख्या. येळ्ळूर, धामणे, कंग्राळीकडून सकाळी बेळगावात दूध घालायला येणाऱ्याच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवलेले असतील आणि समोर चढ असेल, तर ही वेणी चांगली वीतभर फुगते.

नवशिक्याचीच सायकल अशी डुलते असं आपल्याला वाटतं. खरं तर पट्टीच्या सायकलस्वाराचीही डुलते, फक्त कमी. डुलणं हा सायकलचा दोष नाही, ती उभी राहते तीच त्यामुळं. सायकल डावीकडं कलली की हँडल किंचित डावीकडं वळतं, चाकं कललेल्या अंगाखाली सरकतात आणि तोल सावरतो. मग ती उजवीकडं कलते, पुन्हा तेच. चाकं भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून सायकल पडत नाही, असं शाळेत सांगायचे. मीही मुलांना बरीच वर्षं तेच सांगितलं. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी एक विचित्र सायकल बनवली. तिच्यात उलट्या दिशेनं फिरणारी जादा चाकं बसवून भोवऱ्याचा परिणाम मारून टाकला होता. ढकलून सोडल्यावर तीही, वर कुणी बसलेलं नसताना, आपली आपण तोल सावरत गेली. भोवऱ्याची मदत होत असेल, पण त्याच्यावाचून अडत नाही. कलेल तिकडं हँडल वळलं नाही, तर मात्र सायकल पडतेच. हँडल जाम झालेली सायकल चार फूट तरी चालवून बघा.

आता आपल्याकडच्या रस्त्याची कडा आठवा. दर डांबरीकरणात रस्ता दोन बोटं वर चढतो आणि साईडपट्टी आहे तिथंच राहते. खानापूरच्या बाजूला पाऊस असा पडतो की तिच्यातली मातीही दोन-तीन पावसाळ्यांत वाहून जाते. मग डांबर आणि माती यांत चार-सहा इंचांची पायरी तयार होते. मागून ट्रक हॉर्न देतो, कुणीतरी ओरडतं, “कडंनं जा गा!” आणि पोरगं सायकल खाली घालतं. खाली उतरताना बहुतेक वेळा निभावतं. घात होतो तो परत वर येताना. पुढचं चाक त्या पायरीला जवळजवळ समांतर घासत जातं. तोल सावरायला हँडल जिकडं वळायला हवं, नेमक्या त्याच बाजूला डांबराची भिंत असते. सायकल कलते, चाक वळू शकत नाही, आणि पोरगं रस्त्याच्या आतल्या अंगाला, ट्रकच्या बाजूला पडतं. लोक म्हणतात, ‘घसरला’. घसरलेला नसतो तो, त्याचं हँडल रस्त्यानं धरून ठेवलेलं असतं.

यावर उपाय आहे आणि तो फार खर्चाचा नाही. अमेरिकेत डांबर पसरणाऱ्या यंत्राला एक जोड बसवतात. त्यानं कडा उभी न सुटता साधारण ३० अंशांच्या उतारानं दाबली जाते. अशा उतारावरून चाक परत वर चढतं. ते जमणार नसेल तर पावसाळ्यानंतर साईडपट्टीत मुरूम भरून रोलर फिरवला तरी पुष्कळ झालं. मुरूम नुसता ओतून गेले तर पुढच्या पावसात तो शेतात जातो, हे गावातल्या कुणालाही विचारा.

रेल्वे गेटचं गणित हेच, फक्त इथं पायरीऐवजी खाच असते. टिळकवाडीतल्या पहिल्या-दुसऱ्या गेटावरून ज्यांचा रोजचा रस्ता आहे त्यांना ते अंगवळणी पडलेलं असतं. रुळाशेजारी रेल्वेच्या चाकाच्या कडेसाठी पाच-सहा सेंटिमीटरची खाच ठेवावीच लागते, आणि आपल्या साध्या सायकलचा टायर चार सेंटिमीटरच्या आसपास. तिरकं गेलात की चाक खाचेत बसलंच. रूळ काटकोनात, निदान ६० अंशांहून मोठ्या कोनात ओलांडायचा, म्हणजे चाक खाचेवरून उडी मारून जातं. पण गेट उघडल्यावर दोन्ही बाजूंची गर्दी एकदम आत घुसते. तेव्हा काटकोन साधायला जागा कोण देतो?

सगळं जागेपाशीच येऊन थांबतं. सायकलचं हँडल साधारण ६० सेंटिमीटर रुंद, त्यात दोन्ही बाजूंचं डुलणं धरलं की चालत्या सायकलला मीटरभर पट्टा लागतो. शिवाय मोठी गाडी बाजूनं जाताना आधी हवा बाहेर ढकलते आणि लगेच आत ओढते. महामार्गावर बस गेल्यावर शर्ट फडफडून अंगाला चिकटतो तो त्यामुळंच. म्हणूनच जर्मनीनं २०२० मध्ये नियम केला: सायकलच्या शेजारून पुढं जाताना मोटारीनं वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं. आपल्याकडच्या एकेरी गावरस्त्यावर दोन मीटर मिळणं कठीण. मग तिथं वेग कमी करायला हवा, आणि किती, हे आकड्यांतच बघू.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. समोरचं दिसून, कळून, पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात २५ मीटर निघून जातात. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक असले तरी थांबायला आणखी वीसेक मीटर हवेत. तीच गाडी ४० नं येत असेल तर प्रतिक्रियेचे १७ आणि ब्रेकचे ९, अशी एकूण २६ मीटरांत थांबते. म्हणजे सव्वीस मीटरवर एखादी सायकल डुलून मध्ये आली, तर चाळीसवाला तिच्यापाशी येऊन थांबतो. साठवाल्यानं तोवर ब्रेकला नुकताच पाय लावलेला असतो. तो जवळजवळ पूर्ण वेगानं धडकतो, आणि त्या धडकेची ऊर्जा ४० च्या वेगाच्या सव्वादोन पट.

उसाच्या ट्रॅक्टरचा वेग एवढा नसतो, म्हणून त्याची भीती वाटत नाही. जिल्ह्यात वीसहून जास्त साखर कारखाने आहेत. हंगाम लागला की डबल ट्रॉल्यांची रांग गावातल्या तिकटीवर वळताना दिसते. वळताना मागचं चाक पुढच्याच्या मागावरून जात नाही, आतून कापतं. ट्रॅक्टरपेक्षा पहिली ट्रॉली आत, पहिलीपेक्षा दुसरी आत. अरुंद वळणावर शेवटचं चाक दीडेक मीटर आत आलेलं असतं, आणि ड्रायव्हरला उसामुळं मागचं काही दिसत नाही. डाव्या वळणावर ट्रॅक्टर पुढं गेला म्हणजे वाट मोकळी झाली असं समजून सायकल आत घालणं यासारखा घातक हिशोब नाही. दुसरी ट्रॉली पूर्ण जाईपर्यंत पाय टेकून थांबायचं.

याच हंगामात दिवस लहान झालेले असतात. डिसेंबरमध्ये बेळगावात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि जादा तासाला थांबलेली मुलं अंधारातच घरी निघतात. कर्नाटक सरकारनं २००६-०७ पासून आठवीच्या मुलांना सायकली वाटल्या, तेव्हापासून या वेळेला गावरस्त्यांवर सायकली पुष्कळ दिसायच्या. चमकणारी पट्टी लोक दप्तराला नाहीतर मडगार्डला लावतात. पण ती घोट्याला जास्त उपयोगी पडते. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुनार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की अंधारात माणसाच्या सांध्यांवर फक्त काही प्रकाशाचे ठिपके असले तरी हालचालीवरून बघणाऱ्याला क्षणात ‘माणूस’ कळतो. पाठीवरचा स्थिर ठिपका मैलाचा दगडही असू शकतो. पायडलवर आळीपाळीनं वरखाली होणारे दोन ठिपके म्हणजे सायकलच.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीनं दप्तराची पट्टी उसवून तिचे दोन तुकडे इलास्टिकवर शिवून घेतलेत, सलवारीवरून घोट्यात घालायला. एखादी मोटारसायकल मागून आली की तिच्या उजेडात वळणावर दोन ठिपके वरखाली होताना दिसतात, आणि उंबऱ्यात बसलेली तिची आजी आत आवाज देते, “आली बघ, चहा ठेव.”